आटपाट पुणे होतं: हवामान बदलाच्या गोष्टी सांगू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही पुण्यातली काही माणसं सोसायट्यांच्या गच्चीवर, शाळांच्या वर्गांत, वाचनालयांत, कधी टेकडीच्या पायथ्याशी बसून हवामान बदलाच्या गोष्टी सांगतो आणि इतरांना त्या रचायला मदत करतो. आमच्यात एक शिक्षिका आहे, एक निवृत्त बँक कर्मचारी आहे, एक कीर्तन शिकणारा विद्यार्थी आहे. बैठक संपली की दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ती मी लिहिली आहेत, त्यामुळे त्यातली मतंही बरीचशी माझीच आहेत.

हवामान बदल हा विज्ञानाचा विषय. त्यात गोष्टीचं काय काम?

विज्ञान आपलं काम करतंच आहे आणि त्यातलं पुष्कळ काम याच शहरात होतं. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला आपण 'सिमला ऑफिस' म्हणतो, तिथे भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून आलं. पाषाणची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था १९६२ पासूनची. याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०२० साली भारताच्या हवामान बदलाचा पहिला राष्ट्रीय आढावा निघाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसनं वाढलं.

हा आकडा मी एकदा एका सोसायटीत सांगितला. एक काका म्हणाले, "फक्त ०.७? आमचा एसी एका बटणात एक अंश खाली येतो." त्यांना विषय टाळायचा नव्हता, तो आकडा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मग त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू बोलू लागल्या. लग्न होऊन सहकारनगरात आल्या तेव्हा घरात पंखाच नव्हता. मे महिन्यात सगळे गच्चीवर झोपायचे आणि पहाटे गारवा सुटला की सासूबाई उठून प्रत्येकाच्या अंगावर चादर घालायच्या. "आता पहाटे चादर नको होते, आणि गच्चीवर झोपवतही नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर अर्धा तास बाकीची माणसं आपापली चादर आठवत होती.

काकूंची चादर हा काही पुरावा नव्हे. एका घराच्या आठवणीवरून हवामान ठरत नाही, त्यासाठी साधारण तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी पाहतात. शिवाय सहकारनगरात तेव्हा झाडं किती होती आणि आता काँक्रीट किती आहे, हाही हिशेब त्यात आहे. पण आकडा ऐकायला माणूस तयार होतो तो चादरीमुळे. गोष्टीचं काम ते.

पण गोष्टीनं खरंच काही घडतं का? की ऐकून माणसं हळहळतात आणि घरी जातात?

नुसती गोष्ट सांगितली तर घरीच जातात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं.

श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर असतं, त्यात एखादा गरीब ब्राह्मण किंवा राजाची नावडती राणी असते, काहीतरी बिनसतं. मग रानात कुणीतरी व्रत करताना दिसतं आणि आपली बाई विचारते, तो वसा मला सांगा. समोरून उत्तर येतं: उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. ती म्हणते: उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही. पुढे वसा अगदी तपशिलात सांगितलेला असतो. कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, काय करायचं, किती दिवस करायचं, उद्यापन कसं करायचं. म्हणजे कहाणी ऐकणाऱ्याच्या हाती शेवटी एक काम आलेलं असतं, त्याला दिवस ठरलेला असतो आणि घेतल्यावर ते टाकायचं नसतं.

हवामान बदलावर बोलणाऱ्यांचं इथेच चुकतं असं मला मनापासून वाटतं. आपण कहाणी सांगतो आणि वसा सांगायचा विसरतो.

गोष्टीनं घडतं याचा सर्वांत जुना पुरावा सह्याद्रीत उभा आहे. देवराईतलं लाकूड घरी नेलं तर देवाचा कोप होतो, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पुण्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. तेव्हा भोवतालचं जंगल जाऊनही या देवाच्या नावानं राखलेल्या तुकड्यांत जुने वृक्ष आणि वेली टिकलेल्या होत्या. गोष्ट पाळली गेली कारण तिच्यात स्पष्ट वसा होता: इथली काडीही उचलायची नाही.

दुसरं उदाहरण गाडगेबाबांचं. दिवसा गावात जाऊन खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचं. कीर्तनाला बसलेल्यांनी बाबांचा खराटा दिवसभर पाहिलेला असे, त्यामुळे रात्रीचा शब्द हवेत विरत नसे.

'हवामान बदल' हा शब्द गोष्टीत वापरावा का?

सुरुवातीला नको. मराठीत एक खास अडचण आहे. 'हवामान' हा एकच शब्द आपण आजच्या हवेसाठीही वापरतो आणि तीस वर्षांच्या सरासरीसाठीही. हवामान खातं उद्याचा पाऊस सांगतं, त्यामुळे 'हवामान बदललंय' म्हटलं की ऐकणारा खिडकीबाहेर बघतो. 'जागतिक तापमानवाढ' म्हटलं तर तो विषय जगाचा होतो, आपला राहत नाही.

शेतकऱ्याच्या घरातली भाषा इथे फार उपयोगी पडते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. प्रत्येक पावसाळी नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं आणि प्रत्येकाच्या पावसाचा स्वभाव वेगळा. मृगात पेरणीची लगबग, हस्ताचा गडगडाट, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती'. ज्याच्या कानात हे वेळापत्रक आहे त्याला 'मृग कोरडा गेला आणि दसरा चिखलात गेला' एवढं सांगितलं तरी सगळं कळतं. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच पुण्यात पोचला, तेव्हा मंडईत भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "रोहिणीतच मृग आला." (रोहिणी हे मृगाच्या आधीचं नक्षत्र.) इतकं नेमकं वाक्य मला अहवालात सापडलं नव्हतं.

शहरातल्या लहान मुलांना नक्षत्रं ठाऊक नसतात. त्यांच्यासाठी मी 'ऋतूंचं वेळापत्रक' म्हणते. शाळेचं वेळापत्रक बिघडलं की काय गोंधळ होतो ते त्यांना बरोबर माहीत असतं.

पुण्यात गोष्टी शोधायच्या कुठे? इथे ना समुद्र आहे, ना हिमनद्या.

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, समुद्र इथवर यायचा नाही. पण ओढा घरात येतो, आणि तो आलेला आहे.

आंबिल ओढ्यापासून सुरुवात करा. कात्रजच्या डोंगरात उगम, मग कात्रजचा तलाव, पुढे धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल आणि शेवटी मुठा. पेशवाईत नानासाहेबांनी याच कात्रजच्या तलावातून दगडी नळानं शहरात पाणी आणलं, पेठांमधल्या हौदांना ते पुरवलं आणि ओढ्याचं पात्रही वळवलं. त्याआधी तो आजच्या पेठांच्या भागातून वाहत होता. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या पावसात हाच ओढा भिंती फोडून घरांत शिरला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या पावसात शहर आणि परिसर मिळून वीसहून अधिक जणांचा जीव गेला. एका ओढ्यात अडीचशे-पावणेतीनशे वर्षांची गोष्ट आहे. पाणी आणणारं शहर, पाणी वळवणारं शहर, आणि पाण्याला रस्ता न ठेवणारं शहर.

मुठेवरच्या बुटक्या भिडे पुलाचीही गोष्ट करता येते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की 'भिडे पूल पाण्याखाली' ही बातमी येते आणि अर्धं पुणं फोटो काढायला जातं. तो पूल म्हणजे आपलं मोजमापच झाला आहे. मात्र त्याच पाण्यानं २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोकांचे संसार भिजले. फोटो काढणारा माणूस आणि तळमजल्यावरून गाद्या वर चढवणारा माणूस एकाच सकाळी, एकाच नदीकडे बघत होते. या दोघांना एका गोष्टीत आणा.

कचऱ्याच्या गाडीमागेही गोष्ट आहे. ओला कचरा हवेशिवाय ढिगात सडला की मिथेन तयार होतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. आपला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत गेला, तिथल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध वारंवार आंदोलनं केली. घरोघरी येऊन कचरा घेणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई २००८ पासून शहरात काम करतात. सकाळी दार उघडून बादली पुढे करणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या ताईंचं नाव माहीत आहे? मी हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारते. त्या दिवशी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आणि टेकड्या. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, पर्वती. एप्रिलच्या दुपारी सिमेंटच्या रस्त्यावरून टेकडीच्या वाटेला लागलं की अंगाला जो फरक जाणवतो त्याचं वर्णन करायला कुठलाही अहवाल लागत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना काय विचारावं?

"हवामान बदललंय का हो?" असं विचारू नका. "हो, फार बदललं" एवढंच उत्तर मिळेल. वस्तू विचारा. पहिला पंखा कोणत्या वर्षी घेतला आणि कुणासाठी? स्वेटर ट्रंकेतून कधी बाहेर निघायचे, दिवाळीला की त्याच्याही आधी? अभ्यंगस्नानाच्या वेळी थंडी किती असायची? घराजवळची विहीर कोणत्या महिन्यात तळाला जायची? बहावा कधी फुलायचा? (बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असा लोकांचा आडाखा आहे.) पावशा पक्ष्याचा 'पेर्ते व्हा' कधी ऐकू यायचा आणि शेवटचा कधी ऐकलात?

गावाकडून आलेल्या आजी-आजोबांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल जरूर विचारा. मिलो (तेव्हा रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर वाटलेला कोरडा खाऊ) हे दोन शब्द उच्चारले की पुढचं सगळं आपोआप येतं. खडी फोडण्याचं काम, रेशनची रांग, विकलेली जनावरं. रोजगार हमी योजना त्या दुष्काळातून उभी राहिली. संकटात या राज्यानं एक नवी व्यवस्था उभी केली, हा त्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग आहे आणि तो सांगायचा राहू देऊ नका.

पुणे जिल्ह्यातल्या ज्या आज्या जात्यावर दळलेल्या आहेत त्यांना ओव्या म्हणायला सांगा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांत पाऊस, पीक, नदी, माहेरची वाट सगळं आहे. त्या बायकांनी ऋतूंची नोंदच ठेवली आहे, फक्त वही न वापरता.

बोलणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर आधी विचारा. फोन गुपचूप पालथा ठेवून चालू करू नका.

प्रत्येक पूर आणि प्रत्येक उकाडा हवामान बदलामुळेच, असं सांगायचं का?

नाही. इथे मी फार कडक आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचंही. त्या पुराशी हवामान बदलाचा संबंध नाही, ती अपुऱ्या राहिलेल्या धरणाची दुर्घटना होती. कुणी आपल्या गोष्टीत पानशेतला हवामान बदलाचं पहिलं उदाहरण करून टाकलं तर समोर बसलेले आजोबा उठून जातील, आणि ते बरोबरच करतील. पण पानशेत गोष्टीत हवं, वेगळ्या कारणासाठी. पासष्टच्या आसपास वर्षं उलटली तरी जुन्या पुण्यातल्या घरांत ती सकाळ अजून सांगितली जाते. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कोण कुठल्या माळ्यावर चढलं, कुणाचं काय वाहून गेलं. नातवंडांनाही पाठ आहे. उलट २०१९ ची आंबिल ओढ्याची रात्र शेजारच्या वॉर्डातही पुसट होत चालली आहे, कारण ती तितकी सांगितली गेली नाही. जी आठवण सांगितली जात नाही, तिच्या जागेवर पुन्हा बांधकाम होतं.

२०१९ चं काय मग? तिथे दोन धागे वेगळे ठेवा. एक, कमी वेळात कोसळणारा पाऊस. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाषाणच्या त्याच मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. दुसरा धागा, अरुंद झालेलं पात्र, काठावरची बांधकामं, राडारोडा. पहिला धागा जगाच्या धुराड्यांतून येतो, दुसरा आपल्या गल्लीतून. एकच सांगितला तर कुणाची तरी सुटका होते. फक्त ढगाला दोष दिला की ओढा बुजवणारे सुटतात.

मी शास्त्रज्ञ नाही. काही चुकीचं सांगितलं तर?

कमी सांगा. गोष्टीत एकच आकडा ठेवा आणि तो तपासून घ्या. कुणी असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर येत नाही, तर प्रश्न लिहून घ्या आणि पुढच्या वेळी उत्तर घेऊन जा. आमच्या गटात त्यासाठी वेगळी वही आहे.

मुलांना हे सगळं सांगून घाबरवायचं का?

एका शाळेत तिसरीतल्या मुलीनं मला विचारलं, "मग आमचं घर कधी वाहून जाणार?" मी गोष्ट नीट सांगितली होती असं मला तोपर्यंत वाटत होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की मी तिला कहाणीतलं संकट दिलं आणि वसा दिलाच नाही. तिला ते ओझं एकटीनं घरी न्यावं लागलं असतं. त्या दिवशी घंटा होऊनही आम्ही थांबलो. तिचं घर कुठे आहे, ओढा किती लांब आहे, पाणी आलं तर वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे तिनं फळ्यावर काढलं. शेवटी तिनंच ठरवलं की वरच्या मजल्यावरच्या आजींशी आधीपासून ओळख करून ठेवायची.

तेव्हापासून दहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही संकटाची गोष्ट सांगतच नाही. त्यांना पावशा, काजवे, बहावा, ओढ्यातले खेकडे, टेकडीवरचे मोर द्या. ज्याच्यावर जीव जडला नाही ते वाचवावंसं कशाला वाटेल? मोठ्या मुलांना खरं सांगा, पूर्ण सांगा, पण प्रत्येक गोष्टीत कुणीतरी काहीतरी करताना दिसलं पाहिजे. नववी-दहावीच्या मुलांना गोड शेवट लगेच ओळखू येतो आणि त्यांना तो आवडत नाही.

मोठ्यांच्या बाबतीतही भीती एका घोटापुरतीच. जास्त झाली की माणूस टीव्हीचा चॅनल बदलतो.

कुठला प्रकार निवडावा? कीर्तन, पोवाडा, भारूड, नाटक, रील?

जो तुम्हाला येतो तो. पण नारदीय कीर्तनाची रचना या विषयाला इतकी चपखल बसते की तिच्याबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आधी तत्त्व, मग ते तत्त्व जगणाऱ्या माणसाची कथा. आमच्या गटातल्या विद्यार्थ्यानं पूर्वरंगाला पाण्यावरचं निरूपण घेतलं, हवेतल्या बाष्पाचं विज्ञान त्यातच सांगितलं, आणि उत्तररंगाला खुलभर दुधाची कहाणी लावली. राजाचा हुकूम होतो की सगळ्यांनी सगळं दूध देवळात आणावं. वासरं उपाशी, मुलं उपाशी, गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी वासराला पाजते, नातवंडांना देते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते, तेव्हा गाभारा भरतो. एका देवळातल्या त्या संध्याकाळी धरणातल्या पाण्यावर आधी हक्क कुणाचा, हा प्रश्न त्यानं एकदाही थेट विचारला नाही. श्रोत्यांनीच तो आरतीनंतर विचारला.

रील करायची तर एक माणूस, एक जागा, एक वाक्य. पार्श्वसंगीत नको.

आमच्या मंडळाला गणपतीत जिवंत देखावा करायचा आहे. काही सूचना?

१८९० च्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सवाला या शहरात जोर आला तो लोकांना एकत्र आणून काही सांगण्यासाठीच, तेव्हा तुमची जागा योग्य आहे. रस्त्यावर उभा राहिलेला माणूस पाच-सात मिनिटं थांबतो, कडेवर मूल असतं, मागून रेटा असतो. त्यामुळे ध्रुवावरचं अस्वल आणि रडणारी पृथ्वी ठेवू नका, ती दर चार मंडळांमागे एकाकडे असते. तुमच्या वॉर्डातला ओढा दाखवा. पन्नास वर्षांपूर्वीचा, २०१९ च्या रात्रीचा आणि तुम्हाला हवा आहे तसा. निवेदन भारदस्त आवाजात बाहेरून करून आणण्यापेक्षा गल्लीतल्या आजींच्या आवाजात करा. त्यांचा आवाज ओळखून माणसं थांबतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बांबू, कापड, पुठ्ठा, जुन्या साड्या वापरा. आणि देखाव्याच्या शेवटी वसा सांगा, तारखेसकट. 'पर्यावरण वाचवा' हा वसा होत नाही. 'विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता ओढ्याच्या पुलावर या' हा होतो. तयारी आषाढातच सुरू करा, श्रावणात उशीर होतो.

ज्यांच्यावर संकट आलं त्यांची गोष्ट आपण सांगावी का?

त्यांनी सांगायला सांगितली तर. पुरात घर गेलेल्या एका बाईंची हकिकत आमच्या गटानं नावासकट एका सभागृहात सांगितली होती, त्यांना न विचारता. हेतू चांगला होता. त्यांच्या बहिणीनं ती ऐकली आणि पुढच्या आठवड्यात त्या स्वतः भेटायला आल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही माझं रडणं सांगितलंत. मी त्या रात्री शेजारची चार पोरं दोर बांधून गच्चीवर चढवली, ते नाही सांगितलं." माफी मागितली. आता त्या स्वतः बोलतात, आम्ही सतरंजी घालतो.

तेव्हापासून नियम आहे: आधी परवानगी, मग गोष्ट वाचून दाखवायची, मग नाव ठेवायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. आणि कार्यक्रमाचं मानधन येत असेल तर त्यात त्यांचा वाटा.

टेकडी, नदीकाठ हे विषय आले की सोसायटीत राजकारण होतं. टाळावेत का?

टाळले तर उरतं काय? बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून जावा की नाही, मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं सुशोभीकरण करताना नदीचं पात्र किती रुंद ठेवायचं, हे याच शहराच्या हवामानाचे प्रश्न आहेत. मी टेकडी जशी आहे तशी राहावी या मताची आहे आणि ते उघड सांगते. पण माझ्या गोष्टीत रोज सकाळी लॉ कॉलेज रस्त्यावर पाऊण तास अडकणारा माणूसही असतो, आणि तो मूर्ख नसतो. त्याची घाई खरी असते. त्याला खलनायक केलं की त्याच्यासारखी निम्मी माणसं सभागृहातून मनानं निघून जातात.

पक्षाचं नाव घ्यायची गरज नसते. निर्णयाचं नाव घ्यावंच लागतं.

वसा नेमका कसा द्यायचा?

कहाणीतल्यासारखा: कधी, कुठे, काय, किती दिवस, उद्यापन काय. आमच्याकडचे काही वसे सांगते. वैशाखातल्या दुसऱ्या शनिवारी सोसायटीजवळच्या ओढ्याच्या जाळ्या पाहून याव्यात, तुंबलेल्या असतील तर फोटो काढून महापालिकेकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक फलकावर लावावा. चातुर्मासात ओला कचरा सोसायटीच्या बाहेर जाऊ देऊ नये, उद्यापनाला तयार झालेलं खत घरोघरी वाटावं. श्रावणात आठवड्यातला एक वार स्कूटर घरी ठेवून पीएमपीच्या बसनं जावं.

घरातल्या वशांवर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कापडी पिशवी घेतल्यानं ओढ्याचं पात्र रुंद होत नाही. पुण्यात नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेण्याची पद्धत २००६-०७ पासून आहे. आपल्या प्रभागासाठी झाडांची सावली असलेला बसथांबा किंवा ओढ्याची भिंत सुचवणं हा वसा आहे. विकास आराखड्यावर हरकत नोंदवणं हाही. एका सोसायटीनं कहाणी ऐकल्यावर तिथेच बसून बावीस अर्ज भरले होते. त्यातलं एक काम झालं. पुढच्या वर्षी अर्ज जास्त आले.

गोष्ट किती लांब असावी?

सांगणाऱ्याला घड्याळ बघावंसं वाटायच्या आत संपावी.

पैसे लागतात का?

सतरंजी, चहा, आणि एक बोलायला तयार असलेलं माणूस. माइकची सवय नसेल तर माइकही नको.

गोष्टीचा उपयोग झाला हे कसं ओळखायचं?

टाळ्यांवरून ओळखू नका. तीन महिन्यांनी त्याच ठिकाणी जा आणि वशाचं काय झालं ते विचारा. निम्म्यांनी टाकलेला असतो, त्यांना रागवू नका, का टाकला ते विचारा. बहुतेक वेळा वसाच अवघड दिलेला असतो. दुसरी खूण अशी की तुमची गोष्ट दुसरंच कुणीतरी, थोडी बदलून, तुम्हालाच सांगतं. माझ्या चादरीची गोष्ट मला कोथरूडच्या एका रिक्षावाल्या दादांनी सांगितली. त्यात सासूबाईंच्या जागी त्यांची आई होती आणि गच्चीच्या जागी मुळशीचं अंगण.

मला सुरुवात करायची आहे. पहिल्या रविवारी काय करू?

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, कात्रजच्या तलावापाशी जा. बरोबर पन्नाशीच्या पुढचं एक माणूस आणि पंधराच्या आतलं एक मूल घ्या. तिथून ओढ्याच्या कडेकडेनं, जिथे कडा बंद आहे तिथे जवळच्या रस्त्यानं, दांडेकर पुलापर्यंत चालत या. थांबत थांबत आलात तर अख्खी सकाळ जाईल. ओढा जिथे दिसेनासा होतो त्या प्रत्येक जागी थांबा आणि मुलाला विचारू द्या की तो गेला कुठे. वाटेत टपरीवर, दुकानात, दाराशी बसलेल्या आजींना २५ सप्टेंबरच्या रात्रीबद्दल विचारा आणि भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते हातानं दाखवायला सांगा. त्या उंचीला मुलाला उभं करा आणि पाणी त्याच्या कुठवर आलं असतं ते वहीत लिहा. मग घरी या, जेवा, आणि संध्याकाळी जिन्यात जो पहिला शेजारी भेटेल त्याला सांगायला लागा.